मिठाचा पूल म्हणजे क्लोरीनची घरघंटी

नाशिकजवळच्या मखमलाबादला माझ्या मावसभावाचं घर आहे. मागे द्राक्षबाग, आणि घर व बागेच्या मधोमध तीन वर्षांपूर्वी बांधलेला स्विमिंग पूल : आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एक विक्रेता येऊन सांगून गेला, "साहेब, केमिकल बंद करा. फक्त मीठ टाकायचं. क्लोरीन नाही, वास नाही, डोळे लाल होणार नाहीत, मेंटेनन्स शून्य." त्याच रात्री भावाचा फोन आला. "दादा, तू केमिस्ट्री शिकलेला. मिठानं पाणी निर्जंतुक होतं का? आणि होत असलं तरी ते पाणी शेवटी माझ्या बागेतच जाणार ना?"

गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, दिंडोरी, इगतपुरी, जिकडे बघावं तिकडे फार्महाउसला पूल दिसतो. कुणी पाहुण्यांसाठी बांधतो, कुणी घर भाड्यानं द्यायला. त्यामुळे हा प्रश्न एकट्या मखमलाबादचा नाही. भावाला फोनवर अर्ध्या तासात जे सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

## मिठानं जंतू मरत नाहीत

लोणचं टिकतं ते मिठामुळे, हे आपल्याला घरीच कळतं. म्हणून 'मिठाचा पूल' म्हटलं की वाटतं, मीठच जंतू मारत असेल. पण लोणच्यात मीठ मुठीनं पडतं. पुलाच्या पाण्यात ते लिटरला साधारण तीन ते चार ग्रॅम असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, आपल्या अश्रूंमध्ये सुमारे ९ ग्रॅम. जुलाब झाल्यावर देतात त्या जलसंजीवनीत लिटरला २.६ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे मिठाच्या पुलाचं पाणी जलसंजीवनीपेक्षा थोडंसंच खारट, अश्रूंच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या मिठानं जंतूंचं काहीही बिघडत नाही.

जंतू मारतो क्लोरीनच. 'क्लोरीन नाही' हे विक्रेत्याचं वाक्य चुकीचं आहे, आणि एवढं एक ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

## मग मीठ करतं काय?

बाजारातून दळलेलं पीठ आणायचं, की धान्य आणून घरघंटीत दळायचं, हा फरक सगळ्यांना माहीत आहे. पीठ दोन्हीकडे पीठच. मिठाचा पूल म्हणजे क्लोरीनची घरघंटी. मीठ हे धान्य, वीज ही मोटर, आणि दळून निघतो तो क्लोरीन.

या घरघंटीला 'सेल' म्हणतात. फिल्टरमधून पाणी परत पुलात जातं त्या पाइपवर हातभर लांबीची एक नळी बसवतात. तिच्या आत टायटॅनियमचे पातळ पत्रे उभे असतात, त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियम या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. पत्र्यांमधून कमी दाबाची डीसी वीज सोडली की मिठातला क्लोराइड एका पत्र्यावर क्लोरीन होतो आणि दुसऱ्या पत्र्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात. क्लोरीन लगेच पाण्यात विरघळून हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं. जंतू आणि शेवाळ मारणारा पदार्थ हाच. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यात जे तयार होतं आणि ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासायच्या चाचणीत, ज्यानं पाणी पिवळं होतं, तेच.

घरघंटीची उपमा इथे एका जागी कमी पडते. दळलेलं धान्य संपतं, पुलातलं मीठ संपत नाही. क्लोरीनचं काम झालं की तो पुन्हा क्लोराइड होतो आणि पुन्हा सेलमध्ये येतो. रहाटाची गाडगी कशी रिकामी खाली जातात आणि भरून वर येतात, गाडगी मात्र तीच राहतात, तसं हे. मीठ उडूनही जात नाही, कारण बाष्पीभवनात फक्त पाणी जातं. ते कमी होतं अंगाबरोबर बाहेर सांडणाऱ्या पाण्यानं, फिल्टर धुतल्यानं, गळतीनं आणि पावसात पूल ओसंडल्यानं. या चारही वाटांनी गेलेलं मीठ कुठेतरी पोचतंच. भावाचा प्रश्न त्यावरच होता. त्याच्याकडे पुढे येतो.

## तोच क्लोरीन, तर बदलायचं कशाला?

पोहून आल्यावर नाकात बसतो तो उग्र वास, ती डोळ्यांची चुरचुर, याला आपण 'क्लोरीन जास्त झाला' म्हणतो. बहुतेक वेळा उलट झालेलं असतं. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनच्या संयुगांशी क्लोरीन जोडला गेला की क्लोरामाइन तयार होतात. वास आणि चुरचुर त्यांची असते. ती मोडायला पुरेसा क्लोरीन नसला की वास वाढतो. हातानं औषध टाकलेल्या पुलात सकाळी क्लोरीन भरपूर आणि संध्याकाळी, नेमकी पोरं उतरतात तेव्हा, जवळजवळ शून्य, असं सारखं घडतं. सेल पंप चालू असेपर्यंत थोडा थोडा क्लोरीन करत राहतो आणि सेलच्या आतून जाणाऱ्या पाण्यात तो दाट असतो, म्हणून क्लोरामाइन साठायला वाव कमी मिळतो. पाणी डोळ्यांना मऊ लागतं, हा अनुभव खरा आहे.

दुसरा फायदा गोळ्यांचा हिशेब मांडला की दिसतो. आपल्याकडे पुष्कळ घरगुती पूल ट्रायक्लोरच्या गोळ्यांवर चालतात. त्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनवर धरलेल्या छत्रीसारखं काम करतं. ते नसेल तर आपल्या एप्रिलच्या उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन नाहीसा होतो. पण क्लोरीन रोज खर्च होतो आणि छत्र्या साठत राहतात. दर १० मिलिग्रॅम क्लोरीनमागे सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उरतं. रोज लिटरला अडीच मिलिग्रॅम क्लोरीन लागला तर महिन्याला ४५ मिलिग्रॅम साठतं. दोन-तीन महिन्यांत ते शंभरच्या पुढे जातं, क्लोरीन सुस्त होतो, टेस्ट किटवर आकडा चांगला दिसतो आणि पाणी तरीही हिरवं पडतं. सेलमधून येणारा क्लोरीन छत्री बरोबर आणत नाही. सायन्युरिक ॲसिड एकदा मोजून घातलं की झालं.

तिसरा फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घराच्या आवारात क्लोरीनचा साठा फारसा ठेवावा लागत नाही. एकाच खोलीत गोळ्यांची बादली, ब्लीचिंग पावडरचं पोतं आणि ॲसिडचे कॅन शेजारी शेजारी ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. गोळ्या आणि पावडर ओलसर अवस्थेत एकत्र आल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. त्यांतलं काहीही ॲसिडमध्ये पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ज्या घरात लहान मुलं आहेत, त्या घरानं फक्त एवढ्यासाठी मिठाचा विचार केला तरी तो योग्यच आहे.

## तीन पोती मीठ आणि दिवसाला एक युनिट

आठ गुणिले चार गुणिले १.४ म्हणजे जवळपास ४५ घनमीटर, म्हणजे ४५ हजार लिटर. लिटरला साडेतीन ग्रॅम धरलं तर सुमारे १५७ किलो मीठ लागेल : पन्नास किलोची तीन पोती आणि वर थोडं. पण जुन्या पुलात आधीच थोडं मीठ असतं, कारण वापरलेला प्रत्येक क्लोरीन शेवटी क्लोराइड होऊनच राहतो. म्हणून आधी मोजायचं, मग टाकायचं. मीठ वाढवणं सोपं असतं. कमी करायला पाणी काढावं लागतं.

मीठ कोणतं, हेही विचारून घ्या. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गठ्ठा होऊ न देणारे पदार्थ असतात, ते इथे नकोत. बाजारातलं कच्चं खडे मीठ स्वस्त असतं, पण त्यात माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. आयोडीन नसलेलं, ९९ टक्क्यांहून शुद्ध असं रिफाइंड मीठ घ्यावं. पाणी मऊ करण्याच्या यंत्रासाठी मिळतं ते बहुधा चालतं.

एवढ्या पुलाला उन्हाळ्यात रोज ९० ते १३५ ग्रॅम क्लोरीन लागतो. तासाला २० ग्रॅम करणारा सेल आठ तासांत १६० ग्रॅम देईल. सेल गरजेपेक्षा एक माप मोठा घ्या, म्हणजे तो अर्ध्या जोरावर चालतो आणि जास्त टिकतो. सेलची वीज दिवसाला एका युनिटच्या आसपास. एक एचपीचा पंप त्याच आठ तासांत सहा-सात युनिट ओढतो आणि तो तर आजही चालतोच आहे. खरा खर्च सेल बदलण्याचा. पत्र्यांवरचा लेप सुमारे दहा हजार तास टिकतो. वर्षाला ३०० दिवस, आठ तास धरले तर चार वर्षं. कोटेशन घेताना यंत्राच्या किमतीआधी नव्या सेलची किंमत विचारा.

## बोअरचं पाणी ही नाशिकची अडचण

आपली जमीन बेसॉल्टची. त्यातून मुरून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि गीझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तसाच थर सेलच्या पत्र्यांवर बसतो, कारण हायड्रोजन सुटतो त्या पत्र्यालगतचं पाणी फार अल्कधर्मी होतं आणि चुना तिथेच धरतो. उन्हाळ्यात पूल रोज काही मिलिमीटर आटतो आणि आपण बोअरनं तो भरतो. आटताना फक्त पाणी जातं, भरताना चुना येतो. त्यामुळे पाण्याची कठीणता दर महिन्याला वाढत राहते.

ठरावीक वेळानं विजेची दिशा उलटवून थर झाडणारे सेल मिळतात. आपल्याकडे दुसरे घेऊच नयेत. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी सेल काढून बघावा लागतो, आणि थर असला तर पातळ ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवावा लागतो. नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. घासायला तार किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरला तर लेप जातो आणि लेपाबरोबर सेलही.

कॅल्शियमची कठीणता लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. बोअरचा आकडाच याहून मोठा असेल तर निदान रोजची भर पावसाच्या साठवलेल्या किंवा नळाच्या पाण्यानं घालता येते का, ते आधी पाहावं.

## 'मेंटेनन्स शून्य' का नाही?

मिठाच्या पुलात पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, सतत वर चढतो. सोड्याची बाटली हलवली की त्यातला वायू निघून जातो, तसे हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि पाणी अल्कधर्मी होत जातं. पीएच आठच्या वर गेला की क्लोरीनचा जोर ओसरतो आणि चुना आणखी बसतो. तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायला दर आठवड्याला थोडं ॲसिड लागतंच. म्हणजे गोळ्यांची बादली गेली तरी ॲसिडचा कॅन राहतो. आठवड्यातून दोनदा क्लोरीन आणि पीएच, महिन्यातून एकदा मीठ, सायन्युरिक ॲसिड आणि कठीणता मोजायची. काम कमी होतं. संपत नाही.

## थंडीत फसू नका

निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण दर दोन-चार वर्षांनी वाचतो. पाणी पंधरा अंशांच्या आसपास आलं की बहुतेक सेल उत्पादन कमी करतात किंवा थांबतात. थंड पाण्यातून वीज कमी वाहते, म्हणून यंत्रावर 'मीठ कमी' असा इशारा येतो. सेलवर थर बसला असला तरी तोच इशारा येतो. इथे माणसं घाईनं आणखी एक पोतं ओततात आणि मार्चमध्ये मीठ जास्त निघतं. इशारा आला की आधी मिठाच्या वेगळ्या पट्टीनं मोजा.

पावसाळ्याचं गणित याच्या उलट. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे या पुलाच्या सरासरी खोलीच्या निम्मा. पूल काठोकाठ भरलेला आणि उघडा असेल तर ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर तिसरा हिस्सा मीठ सहज वाहून जाईल. इगतपुरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. तिथे झाकण नसलेल्या पुलात दसऱ्यापर्यंत मीठ नावालाच उरेल.

## फरशी, शिडी आणि काँक्रीट

मिठाचं पाणी काठावर उडतं, वाळतं, आणि दगडाच्या छिद्रांत मिठाचे खडे धरतात. ते फुगताना दगडाचे पापुद्रे निघतात. सच्छिद्र वाळूचा दगड काठाला लावलेला असेल तर तो खराब होणार, ग्रॅनाइट टिकतो. शिडी साध्या ३०४ स्टीलची असेल तर सांध्यांवर तांबूस ठिपके येतात, ३१६ स्टील जास्त तग धरतं. ज्या पुलाला बारीक गळती आहे त्याला मीठ अजिबात घालू नये, कारण क्लोराइड काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचला की गंज आतून सुरू होतो. गळती पाहायची सोपी रीत आहे. पुलाच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि पुलातली पातळी खुणेनं नोंदवा, आणि चोवीस तासांनी पाहा. पुलातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे.

## बागेचं काय?

भावाच्या पुलाचा वाळूचा फिल्टर दर पंधरवड्याला उलट धुतला जातो. त्याला बॅकवॉश म्हणतात. दर वेळी पाचशे लिटरच्या आसपास पाणी जातं, आणि त्याच्या पाइपचं तोंड तीन वर्षांपासून द्राक्षाच्या पहिल्या ओळीकडे आहे. साध्या पाण्याला ते चाललं असेल. मिठाचं झालं की त्या पाचशे लिटरमध्ये पावणेदोन किलो मीठ असेल.

द्राक्ष बागायतदारांना ईसी समजावून सांगायची गरज नाही. माती-पाण्याच्या अहवालात पीएचच्या शेजारी तोच आकडा असतो. पाण्यात क्षार किती, हे तो सांगतो. ओलिताच्या पाण्याची ईसी एकच्या आत असेल तर द्राक्षाला त्रास होत नाही. मिठाच्या पुलाच्या पाण्याची ईसी सहाच्या पुढे जाते. द्राक्षाचं कलम ज्यावर करतात तो डॉगरिज खुंट क्षार बराच सोसतो, म्हणून तर आपण तो लावतो, पण सोसण्यालाही मर्यादा आहे. क्लोराइड पानात साठतो आणि पानाच्या कडा करपतात. कांदा तर द्राक्षाहूनही नाजूक.

सोडियमचा धोका मला याहून मोठा वाटतो. काळ्या मातीत तो साठला की मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासं होतं, जमीन चोपण होते. करपलेलं पान पुढच्या छाटणीला बदलतं. चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, निचरा आणि वर्षं लागतात.

मग ते पाणी सोडायचं कुठे? नाल्यात सोडलं तर ते गोदावरीत जातं. सिंहस्थ तोंडावर असताना नदीच्या पाण्याबद्दल आपण सगळे बोलतो, तेव्हा आपल्या घरचं खारं पाणी तिच्यात सोडू नये असं मला मनापासून वाटतं. विहिरीच्या आसपास तर मुळीच नको. शहरातल्या बंगल्यानं महापालिकेला विचारून ड्रेनेज लाइनमध्ये, क्लोरीन उतरल्यावर, हळूहळू सोडावं. मात्र सांडपाणी प्रकल्प मीठ काढत नाही, हे माहीत असू द्या. मळ्यावर दोन उपाय आहेत. एक, वाळूऐवजी कार्ट्रिज फिल्टर. तो काढून नळीनं धुतात, पाणी फार कमी लागतं. दुसरा आपल्या ओळखीचा : शेततळ्याचा कागद अंथरलेला उथळ खड्डा. पंधरा दिवसांत पाचशे लिटर म्हणजे रोज ३५ लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर आटतं असं धरलं तर सात चौरस मीटर पुरतात. थोडा मोठाच करावा. तळाशी मीठ उरतं, ते खरवडून भरून ठेवता येतं. पावसाळ्यात खड्ड्यावर पत्रा हवा आणि पुलावर ताडपत्री.

## लोक विचारतात ते आणखी काही

आत्यानं विचारलं, पोहून आल्यावर परत आंघोळ करावी लागेल का? हो, साध्या पाण्यानं, जशी आत्ता करता तशीच. आणि उतरण्याआधीही करा. क्लोरामाइन कमी होण्याचा तो सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे.

रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना मिठाची भीती वाटते. पोहताना ५० मिलिलिटर पाणी गिळलं गेलं तरी त्यात पावणेदोनशे मिलिग्रॅम मीठ असेल, चमच्याच्या टोकावर मावेल इतकं. ते जेवणातल्या मिठाच्या मानानं फार थोडं आहे.

वीज गेली तर? क्लोरीन होणार नाही. सायन्युरिक ॲसिड योग्य असेल तर एक-दोन दिवस निभतात. अडीअडचणीला द्रवरूप हायपोक्लोराइटचा एक छोटा कॅन सावलीत ठेवावा, ॲसिडपासून लांब.

एक गोष्ट मात्र इन्स्टॉल करणाऱ्यासमोर उभं राहून तपासा. पाणी वाहत नसताना सेलला वीज मिळता कामा नये. मिळत राहिली तर हायड्रोजन नळीत साठतो आणि ती फुटू शकते. त्यासाठी फ्लो स्विच असतो. पंप बंद करा आणि यंत्र थांबतं का, ते स्वतः बघा. अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्या.

## मखमलाबादला काय ठरलं

पहिल्या आठवड्यात भावानं एक रुपयाचं यंत्र घेतलं नाही. बोअरचं पाणी तपासायला दिलं, बादलीची चाचणी केली, सायन्युरिक ॲसिड मोजलं. ते १३० निघालं, म्हणजे मिठावर जायचं असो वा नसो, तिसरा हिस्सा पाणी बदलणं आलंच. जुनं पाणी अजून गोडं आहे, म्हणून ते मीठ घालायच्या आधीच काढायचं ठरलं. क्लोरीन शून्यावर उतरू देऊन बांधावरच्या सुबाभळीला थोडं थोडं.

त्याच्या काठाला ग्रॅनाइट आहे, गळती नाही, आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. मी त्याला 'कर' म्हटलं, पण क्रम लावून दिला. आधी खड्डा आणि कागद, मग बॅकवॉशचा पाइप बागेकडून खड्ड्याकडे, मग सेल, आणि सगळ्यांत शेवटी मीठ. मीठ टाकताना सेल बंद आणि पंप चालू ठेवायचा, तळाला बसलेलं मीठ ब्रशनं हलवायचं, चोवीस तासांनी मोजायचं आणि मगच सेल सुरू करायचा.

काल त्याचा फोन आला. खड्डा खणून झाला आहे, कागद सोमवारी येतो.